विषय : बदली लॅपटॉप स्वीकारण्याबाबत

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्रुटीसाहेबांच्या घरातला लॅपटॉप बंद पडला. बंद पडण्यापूर्वी त्याने कोणतीही पूर्वसूचना दिली नाही, ही गोष्ट साहेबांना सर्वांत जास्त खटकली. वॉरंटी संपायला अजून एकोणीस दिवस बाकी होते, ही मात्र समाधानाची बाब होती आणि ती त्यांनी बायकोला दोनदा सांगितली.

त्रुटीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पेन्शनच्या कार्यालयात अर्जांची छाननी करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, आणि एवढ्या काळात पहिल्या फेरीत एकही अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे सरकला नाही. कुणाची सही चौकटीला शिवलेली असायची, कुणी फोटोत हसलेलं असायचं. एका विधवेचा अर्ज त्यांनी चार वेळा परत पाठवला, कारण नवऱ्याच्या सहीचा रकाना ती दर वेळी रिकामा सोडत होती. लोक तोंडावर साहेब म्हणत आणि जिना उतरताना त्रुटीसाहेब. हे नाव कानावर आलं तेव्हा साहेबांना मनापासून बरं वाटलं होतं. माणसाला आपलं कौतुक कुठे सापडेल सांगता येत नाही.

लॅपटॉप वापरायची त्यांची बायको. प्रसूतिगृहात उभी हयात गेल्यामुळे अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. निवृत्त झाल्यावर दोन बोटांनी टाइप करत करत तिने चार वर्षांत दोनशे बारा पानं लिहिली होती. कोणती बाळंतीण कळा देताना कुणाला शिव्या घालत होती, कोणतं बाळ पायाळू आलं, कोणता बाप बाहेरच्या बाकावर ढाराढूर घोरत होता आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही म्हणून सांगत होता, ते सगळं त्यात होतं. त्या पानांची दुसरी प्रत नव्हती. प्रत काढायची असं ठरलं होतं, पण त्याआधी फाइलींचं वर्गीकरण ठरायला हवं होतं, आणि ते साहेब ठरवणार होते. दीड वर्षापासून ते ठरतच होतं.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला. त्याच्या मते मुख्य बोर्ड गेला होता, डिस्कला काही झालेलं नसणार. चार स्क्रू काढायचे, डिस्क बाहेर घ्यायची, पानं दुसरीकडे उतरवायची, सगळा पंधरा मिनिटांचा खेळ. फक्त त्या चारांतल्या एका स्क्रूवर कंपनीचं नखाएवढं कागदी सील चिकटवलेलं होतं. ते फाटलं की वॉरंटी गेली.

सील हा शब्द ऐकताच साहेबांनी लॅपटॉप त्याच्या हातातून काढून घेतला.

घरी येऊन त्यांनी कंपनीला रीतसर कळवलं. कंपनीचं उत्तरही त्याच दिवशी, तितकंच रीतसर आलं. या मॉडेलचे सुटे भाग आता बनत नाहीत, सबब ग्राहकास समतुल्य अथवा सरस यंत्र बदली देण्यात येईल. जुनं यंत्र सीलसह जसंच्या तसं परत करावं. त्यातील डिस्क ग्राहकाच्या गोपनीयतेच्या रक्षणार्थ नष्ट करण्यात येईल. सील तुटलेलं आढळल्यास हक्क संपुष्टात येईल. सात दिवसांत स्वीकृती न आल्यास ग्राहक आपल्या बंद यंत्रासह समाधानी आहे असं मानण्यात येईल.

साहेबांनी ते तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे जरा ओलावले. इतका चोख मसुदा त्यांच्या कार्यालयातून कधी बाहेर पडला नव्हता.

सिस्टर शेजारी उभी राहून वाचत होती. "मला नवा लॅपटॉप नकोय," ती म्हणाली. "मला माझी पानं हवीत. फाडू द्या त्याला ते सील."

साहेबांनी तिला समजावलं, की कंपनी आपण होऊन नवंकोरं यंत्र देत असताना ते नाकारणं हा शुद्ध अविचार आहे. शिवाय बिल त्यांच्या नावावर असल्यामुळे नोंदणीकृत ग्राहक तेच होते. सिस्टर ही या प्रकरणात फार तर वापरकर्ती होती, आणि वापरकर्तीच्या म्हणण्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. तरीही त्यांनी मोठ्या मनाने मधला मार्ग काढायचं ठरवलं. हक्क न गमावता सील काढून डिस्क घेण्याची परवानगी कंपनीकडे मागायची, ती मिळाली की पानं उतरवायची आणि मग बदली स्वीकारायची. सिस्टरने एवढंच विचारलं, की परवानगी नाही मिळाली तर? नियमात बसणारी मागणी नाकारली जात नाही, असं एकतीस वर्षं मागण्या नाकारलेल्या माणसाने तिला सांगितलं.

परवानगीचा अर्ज त्यांनी बुधवारी लिहिला. लिहून झाल्यावर सवयीने लाल पेन घेऊन तपासायला बसले. पाहतात तर काय, विषयाच्या ओळीत तारीख नव्हती आणि सही बिलावरच्या सहीपेक्षा किंचित तिरपी होती. साहेबांनी अर्जावर 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' असा शेरा मारला, खाली सही केली आणि अर्ज स्वतःलाच परत केला. गुरुवारी त्रुटी दूर करून त्यांनी तो स्वतःकडे पुन्हा सादर केला. या वेळी एक जोडपत्र कमी निघालं. हातातल्या सात दिवसांतले दोन दिवस असे घरच्या घरीच गेले.

शुक्रवारी सकाळी अर्ज एकदाचा कंपनीकडे गेला आणि तासाभरात उत्तर आलं. डिस्क काढण्याच्या परवानगीचा अर्ज बदली स्वीकारलेल्या ग्राहकांनाच करता येतो. मात्र बदली स्वीकारताक्षणी जुनं यंत्र कंपनीच्या मालकीचं होत असल्याने ते उघडण्याची परवानगी मागण्याचा अधिकार ग्राहकास राहत नाही. आता बोला. साहेबांनी त्या उत्तरात कुठे फट सापडते का ते संध्याकाळपर्यंत शोधलं. ती सापडली नाही, आणि त्यांना त्याचं वाईट वाटण्याऐवजी चक्क आदर वाटला.

शनिवारी साहेब केस कापायला गेले, तेवढ्यात सिस्टरने लॅपटॉप पिशवीत घातला आणि थेट दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाही होता. पण पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या भावाच्या सांगण्यावरून सील फाडल्यामुळे त्याला पोलिस चौकीची पायरी चढावी लागली होती, म्हणून तो नरमाईने म्हणाला, "काकू, बिल काकांच्या नावावर आहे ना? त्यांच्याकडून कागदावर एक ओळ आणा, लगेच करून देतो."

सिस्टर कोरा कागद घेऊन न्हाव्याच्या दुकानात गेली. आयुष्यात तिने नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं आणि चार माणसांत तर कधीच नाही. अर्ध्या कापलेल्या डोक्याने साहेबांनी तो कागद गुडघ्यावर ठेवला, बराच वेळ विचार केला आणि त्यावर लिहिलं : 'विचाराधीन'.

सिस्टर तो कागद घेऊन निघाली. घरी येऊन तिने वही काढली आणि पहिलं पान आठवून लिहायला बसली. दहाबारा ओळींनंतर हात थांबला. पहिल्या पानावरच्या बाईने बाळ हातात घेतल्यावर जे वाक्य उच्चारलं होतं, ते फाइलीत होतं, डोक्यात आता नव्हतं.

सोमवारी मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. कंपनीच्या संकेतस्थळावर स्वीकृतीचा अर्ज उघडून साहेब शेजाऱ्यांच्या संगणकावर बसले. यंत्र सुरू होत नसल्याचा पुरावा म्हणून त्याच्याच पडद्यावर 'सुरू होत नाही' असा संदेश दिसणारं छायाचित्र मागितलं होतं. साहेबांनी तो संदेश कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून पडद्याला चिकटवला आणि फोटो काढला. तो मंजूर झाला. शेवटी एक चौकट उरली : 'यंत्रातील सर्व माहितीची प्रत मी घेतली आहे.' तिच्यावर खूण केल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. मुदत संपायला चाळीस मिनिटं होती. एकतीस वर्षांत एकाही खोट्या खुणेला माफ न केलेल्या माणसाने खूण केली. अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाला, आणि हा मान आयुष्यात प्रथमच मिळाल्यामुळे साहेब शेजाऱ्यांकडे चहा घेऊनच घरी आले.

"दिला का अर्ज पाठवून?" सिस्टरने विचारलं.

"नियमाप्रमाणे," साहेब म्हणाले.

जुनं यंत्र सीलसह रवाना झालं आणि पंधरा दिवसांनी बदली यंत्र आलं. खोक्यावर 'समतुल्य अथवा सरस' असं छापलेलं होतं. ते सुरू केल्यावर साहेबांना पडद्याच्या कोपऱ्यात एक फोल्डर दिसला. त्याचं नाव होतं 'आजोबांचा आवाज – पुसू नये'. त्यांच्या घरात कुणी आजोबा नव्हते. सिस्टरने पुढे होऊन त्यातलं एक ध्वनिमुद्रण लावलं. एक म्हातारा माणूस भिंतीवरच्या घड्याळाला चावी कशी द्यायची ते सांगत होता. मध्येच तो खोकला, कुणीतरी लहान मूल हसलं, मग तो म्हणाला, हसू नकोस, मी गेल्यावर तुलाच द्यायचीय.

अशी एकेचाळीस ध्वनिमुद्रणं होती. म्हणजे कंपनी डिस्क नष्ट वगैरे काही करत नव्हती. परत आलेल्या यंत्रांतल्या डिस्क दुसऱ्या यंत्रांत बसवून पुढच्या ग्राहकाला 'समतुल्य' म्हणून धाडत होती, आणि त्या पुसणं तेवढं राहून जात होतं. सिस्टरचा चेहरा एकदम उजळला. तिची पानं कुठेतरी शाबूत होती. कंपनीला फोन करा, ती म्हणाली, हे ज्याचं आहे त्याला पोचतं करा आणि माझं कुणाकडे गेलंय ते विचारा.

साहेबांनी फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. कंपनीच्या नोंदीनुसार सर्व जुन्या डिस्क नष्ट झालेल्या असल्याने साहेबांना जे ऐकू येत होतं ते अस्तित्वात नव्हतं. मात्र अस्तित्वात नसलेली ही सामग्री चोवीस तासांत पुसली नाही, तर अनधिकृत मजकूर बाळगल्याबद्दल बदली यंत्राची नव्वद दिवसांची वॉरंटी रद्द होणार होती.

"पुसू नका," सिस्टर म्हणाली. "आपण हे सांभाळलं, तर माझंही कुणीतरी सांभाळत असेल असं मला वाटत राहील. एवढं तरी राहू द्या."

साहेबांनी ती स्वयंपाकघरात जाईपर्यंत वाट पाहिली. मग सगळा फोल्डर निवडला आणि पुसून टाकला. पडद्यावर दोन जीबी जागा मोकळी झाल्याचं दिसलं. सेवेबद्दल अभिप्राय मागणारा निरोप लगोलग आला. साहेबांनी पाचपैकी पाच तारे दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'त्रुटी नाही'.

सिस्टरने त्यानंतर लॅपटॉपला हात लावला नाही. साहेबांना तुम्ही मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असतील, आणि त्या त्यांच्या हक्काच्याच आहेत. राहता राहिला प्रश्न तिच्या दोनशे बारा पानांचा. ती कुणाच्या तरी बदली यंत्रात घालून रवाना झाली हे नक्की. मध्यंतरी तुमच्याकडेही कंपनीकडून एक यंत्र बदलून आलं होतं ना? पहिल्याच दिवशी त्यात कुणाचीतरी एक भलीमोठी फाइल होती. आठवत नाही म्हणता, तेही खरंच असणार. तुम्ही ती उघडलीच नव्हती.