कोरी बाटली

नानांच्या फडताळात लाडवांचे दोन डबे असत. एकात मेथीचे, दुसऱ्यात अगदी तसेच, पण मेथी नसलेले. नाना गेले तरी काकूंनी ते डबे हलवलेले नाहीत.

मेथीच्या लाडवांनी गुडघा दुखायचा थांबला, असं काकू एकदा बोलून गेल्या, त्याचा हा परिणाम. "कोरी बाटली कुठंय?" नानांनी लगेच विचारलं होतं.

"बिनमेथीचे तुम्हीच खा," काकू म्हणाल्या, "डोक्याला आराम पडतो का बघा."

नाना जळगावला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मी तिथल्या ग्रंथालयात होतो. सीताफळाच्या पानांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर काही सापडतं का, हे ते वर्षानुवर्षं पाहत होते. पानं सावलीत वाळवायची, कुटायची, अर्क काढून मुंबईच्या प्रयोगशाळेत धाडायचा. तिथे काचेत वाढवलेल्या रोगट पेशींवर तो घालत. सोबत एक कोरी बाटली जाई. तिच्यात सगळं तेच, फक्त पान नाही. तिनंही पेशी मेल्या तर पानाला श्रेय द्यायचं नाही.

हा नियम नाना गल्लीभर लावत. पुष्कराज घातल्यापासून दुकान चालतंय, असं शेजारचे सराफ म्हणाले. "बिनखड्याची अंगठी घालून बघितलीत?" त्यानंतर बरेच दिवस सराफांनी त्यांना चहा विचारला नाही.

अर्कानं पेशी मेल्याचं कळलं, तेव्हाही नानांनी पेढे वाटू दिले नाहीत. "काचेत फिनेलनंही मरतात."

मग सोनगीरहून त्यांची थोरली बहीण आली. अक्कांना नेमका तोच आजार. मुंबईत ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"बठ्ठा जगना साठे औषध शोधस," अक्का म्हणत, "मना साठे काय शे रे, भाऊ?"

साऱ्या जगासाठी औषध शोधणारे नाना मग अक्कांचं पांघरूण नीट करत. तो अर्क माणसाला झेपतो का, हे कुणीच तपासलं नव्हतं.

काही दिवसांनी मात्र अक्कांच्या उशाशी बाटली दिसली. नाना कॉलेजातून लवकर येत, चमच्यानं पाजत आणि दिवेलागणीपर्यंत त्यांचे पाय चेपत बसत.

"आज बरं वाटी ऱ्हायनं," अक्का म्हणाल्या आणि झोपल्या.

मी हळूच विचारलं, "नाना, अर्क दिलात?"

"वेलदोड्याचं साखरपाणी आहे. कोरी बाटली."

"मग बरं कशानं वाटतं? पाण्यानं, की तुम्ही बसता त्यानं?"

नानांचा हात अक्कांच्या पायावर थांबला.

"तपासायचं तर एक दिवस न बसता बघावं लागेल," ते म्हणाले.

अक्का होत्या तोवर तो प्रयोग नानांनी केला नाही.