ज्याची तहान मोठी

एका जंगलात, मुलांनो, एक डोह होता, आणि त्या डोहावर वाघाचा कायदा चालायचा. ज्याचा मान मोठा, त्याने आधी पाणी प्यायचं. वाघानंतर गवे, मग सांबरं, मग रानडुकरं आणि सगळ्यांत शेवटी ससे, उंदीर, पाखरं. उन्हाळ्यात शेवटच्यांच्या वाट्याला चिखल यायचा. चिखल प्रकृतीला चांगला, असं गवे सांगत.

डोहाच्या काठी उघड्या खडकाळ जागेवर एक टिटवी राहायची. चार खडे गोळा केले की झाला तिचा संसार. ती ओरडली की अपशकुन, असं सगळे मानत. त्यामुळे तिचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. पण डोहावर काय काय घडतं, ते तिच्याइतकं कुणी पाहत नसे.

एका वैशाखात तिथे एक म्हातारं सांबर आलं. पाळी आली तसं ते पाण्यापाशी गेलं आणि तोंड न लावताच मागे वळलं. मागे एक उंदीर धापा टाकत पडला होता. सांबराने मान खाली घालून त्याच्याकडे पाहिलं आणि ते म्हणालं, "ज्याची तहान मोठी, तो आधी."

मग ते बाजूला झालं. उंदीर पोटभर प्याला.

त्यानंतर सांबर रोज येऊ लागलं. रोज निराळ्या शब्दांत तेच बोलायचं. कधी हसत, कधी चिडून. ऐकायला गर्दी व्हायला लागली आणि रांग मोडायला लागली. मग व्हायचं तेच झालं. वाघाने सांबराला खाल्लं. कायद्यानुसार खाल्लं, असं नंतर जाहीर करण्यात आलं.

टिटवीने तेही पाहिलं. ती रडत ओरडत सगळीकडे सांगत सुटली. पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवला नाही. टिटवीच ती, ओरडायचीच. मग शिंगं सापडली, तेव्हा सगळे तिच्याभोवती जमले.

"टिटवीआत्या, सांबरदादा काय म्हणायचे, सांग ना."

टिटवी सांगायची. सांबरासारखी मान वळवायची, खाली जमिनीकडे बघायची आणि मग ते वाक्य म्हणायची. पिल्लं ऐकत असली की हसवून सांगायची. कुणाचं कुणी गेलेलं असलं की हळू आवाजात सांगायची. ऐकणारे घरी जाऊन आपापल्या पिल्लांना सांगत, तेही मान वळवून. आणि नवल म्हणजे, डोहावर एखादा गवासुद्धा कधीमधी खाली बघायचा आणि ओशाळून बाजूला व्हायचा.

माणसांतही असं होतं, बरं का. येशूची वचनंसुद्धा पोथीत येण्याआधी कैक वर्षं तोंडोतोंडी फिरत होती. कुणी ती जेवायला बसल्यावर सांगे, कुणी मर्तिकाच्या घरी. असो. आपण जंगलात परत जाऊ.

वर्षं गेली. सांबराला पाहिलेले एकेक करून मेले. तेव्हा घोरपडबाईंना काळजी वाटू लागली. त्यांनी सांबराला कधी पाहिलं नव्हतं. म्हणूनच त्या निःपक्षपाती होत्या. त्यांनी 'सांबरवचन जतन मंडळ' काढलं आणि अध्यक्षपदाला चिकटल्या. घोरपड एकदा चिकटली की काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मंडळाने साळिंदरपंतांना टिटवीकडे धाडलं. पंतांनी पाठीवरचा एक काटा उपटला, झाडाची साल पसरली आणि विचारलं, "वचन सांगा."

टिटवीने मान वळवली, खाली पाहिलं. "ज्याची तहान मोठी, तो आधी."

"मान कशाला वळवता?"

"त्यांनी वळवली होती."

"वचन तेवढं सांगा. दुसऱ्या दिवशीही हेच म्हणाले का?"

"नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तू पी रे बाबा, मी थांबतो."

"मग नक्की काय म्हणाले?"

"दोन्ही."

पंतांनी पहिलं वाक्य अगदी बिनचूक उतरवून घेतलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं, साक्षीदार वयोवृद्ध, अधूनमधून गोंधळते.

मंडळाच्या सभेत साल वाचली गेली. गवा उभा राहिला. "अर्थ उघड आहे. मोठं शरीर, मोठी तहान. उंदराची तहान ती केवढी?"

"टीप म्हणून जोडा," घोरपडबाई म्हणाल्या.

पहिली प्रत वाघाला अर्पण झाली. वाघाला ती फार आवडली. सांबर इतकं समंजस होतं हे आपल्याला वेळेवर कळलं नाही, असं तो सद्गदित होऊन म्हणाला.

त्या उन्हाळ्यात डोहावर पुन्हा जुनी रांग लागली. फरक एवढाच, की आधी ती वाघाच्या नावाने लागायची, आता सांबराच्या नावाने लागली. आधी कुरकुर तरी करता येत होती.

रांगेच्या टोकाला एक ओली बाळंतीण सशीण उभी असायची. तिचं दूध आटत चाललं होतं. टिटवीला ते बघवेना. ती तडक मंडळात गेली.

"सांबरदादा ते उंदराकडे बघून बोलले होते," ती म्हणाली.

"कुठे लिहिलंय?" घोरपडबाईंनी विचारलं.

"लिहिलेलं नाही. मी पाहिलंय."

"पंत, सांबर कुणाकडे बघत होतं, याची नोंद आहे?"

"नजर लिहिता येत नाही, बाई."

"मग ती नव्हती."

टिटवी फडफडली. पण मंडळाने तिला हाकलून दिलं नाही. मंडळ एवढं मूर्ख नव्हतं. घोरपडबाई मायेने म्हणाल्या, "तुम्ही शेवटच्या साक्षीदार. तुमचा मान राखायलाच हवा. डोहाशेजारच्या उंचवट्यावर बसा. पाणी गव्यांच्या पाठोपाठ. रोज सकाळी वचन म्हणा. जसं लिहिलंय तसं."

टिटवीने विचार केला. शब्द तर दादांचेच आहेत. ते जिवंत राहतील, हे काय थोडं आहे? आणि खरं सांगायचं तर तिलाही तहान लागत होती.

सुरुवातीला वचन म्हणताना तिची मान आपोआप वळायची. मग मंडळाचे विद्यार्थी म्हणत, "आत्या, मान हलली. पुन्हा म्हणा." ती पुन्हा म्हणायची. हळूहळू मान ताठ झाली. पुढे पुढे ती डोळे मिटून सांबराला आठवायची, तेव्हा सांबर समोर बघत असायचं आणि समोर एक धिप्पाड गवा उभा असायचा. उंदीर कुठेच दिसत नसे.

एक दिवस सशीण लंगडत तिच्यापाशी आली. "आत्या, तुम्ही तिथे होतात. खरंच दादा गव्यांविषयी बोलले होते?"

टिटवीने अगदी मनापासून आठवून पाहिलं. मग ती म्हणाली, "हो गं बाई. माझ्या डोळ्यांदेखत बोलले."

ती खोटं बोलत नव्हती.

सशीण परत रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. त्या वर्षी सशांचं एकही पिल्लू जगलं नाही. मंडळाने शोकसभा घेतली. सभेत वचनाचं सामुदायिक पठण झालं. सुरुवात टिटवीने केली. एक अक्षरही चुकलं नाही.

तात्पर्य : आपण डोळ्यांनी पाहिलेलं असलं, तरी लिहिलेलं आधी पाठ करावं, म्हणजे आपण काय पाहिलं होतं, ते नीट आठवतं आणि पाणीही वेळेवर मिळतं.