हजारात बसवलेली लिफ्ट

माणसाच्या गरजांना अंत नसतो. त्या नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र असतो आणि तो बरोबर हजारावर आहे. हे सत्य आम्हाला, म्हणजे लिफ्ट बनवणाऱ्या एका जबाबदार कारखान्याला, सॉफ्टवेअर घेऊन झाल्यावर कळलं.

पूर्वी लिफ्टच्या गरजा (दार कसं असावं, दोर कसा असावा, अडकल्यावर काय व्हावं) कपाटातल्या फायलींत असत. कपाट उघडलं की लगेच सापडत. इतकी मागासलेली पद्धत आम्ही किती वर्षं चालवली, याची आता लाज वाटते. हल्ली गरजा क्लाउडवर असतात. हजारापर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यापुढे एक जरी घातली तरी पडद्यावर गोल चक्र फिरू लागतं आणि माणसं चहाला जातात.

आमच्या गरजा चार हजार. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, तर ते सौजन्याने म्हणाले, "तुमच्या अपेक्षाच जरा जास्त आहेत." मर्यादा वाढवण्याची मागणी त्यांनी स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये केव्हाच नोंदवली होती. पण ती हजाराच्या पुढे पडल्याने त्यांना दिसत नव्हती.

"एकही गरज काढायची नाही!" मी विभागप्रमुख या नात्याने ठणकावलं. सुरक्षिततेशी तडजोड आमच्या रक्तात नाही. आम्ही फक्त चार-चार गरजांची मोट बांधली. उदाहरणार्थ, गरज सातशे बारा: दिवा लागावा, पंखा फिरावा, आरसा स्वच्छ असावा, अडकल्यास दार आतून उघडावं.

इथे घोडं पेंड खाऊ लागलं. चाचणी विभागातल्या बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, दिवा लागतोय, पंखा फिरतोय, आरसा तर झकास. दार काही आतून उघडत नाही. काय भरू?"

सॉफ्टवेअरमध्ये 'पास' आणि 'नापास' एवढीच बटणं. ('थोडं नापास' पुढच्या आवृत्तीत येणार आहे. शेरा लिहायची जागाही तेव्हाच.)

"चारांत तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के, बाई. मुलाला पडले तर मिरवाल की नाही?"

"मुलाचं राहू द्या हो. पहिली लिफ्ट आमच्याच इमारतीत बसतेय. सातव्या मजल्यावर आई राहते माझी. छातीचं दुखणं आहे तिला."

"मग अभिनंदन! जिना चढायचे कष्ट वाचले."

बाई हट्टी. त्यांनी 'नापास' दाबलं. नापास म्हणजे दुरुस्तीची नवी गरज, हजारावर एक; चक्र फिरू लागलं, आम्ही चहाला गेलो. परत येतो तो पडद्यावर हिरवंगार 'पास'! उत्तर वेळेत पोहोचलं नाही तर कोणाचं काम अडू नये, म्हणून सॉफ्टवेअर आपणहून पास करतं. एवढी माणुसकी हल्ली माणसांतही दिसत नाही. झालेली नोंद बदलायची सोय अर्थातच पुढच्या आवृत्तीत आहे.

लिफ्ट बसली. बाईंची आई मात्र जिन्यानेच चढते, दर मजल्यावर टेकत, आणि बाई मागून खुर्ची घेऊन. मला रागच आला. उद्घाटनाला मी म्हटलं, "आजी, लिफ्टने चला की."

"तुम्ही व्हा पुढे," म्हातारी धापा टाकत म्हणाली.

मला नेमकी मीटिंग होती.

तरीही शंका नको म्हणून आम्ही पाहणी केली. लिफ्टमध्ये शिरल्यावर काय बघता, असं शंभर जणांना विचारलं. सत्त्याण्णव म्हणाले, आरसा. उरलेले तिघे मोबाइलमध्ये होते, त्यांना प्रश्न ऐकू आला नाही. दाराचा विषय कोणी काढला नाही.

उद्या आपणही आत शिराल आणि केस सारखे कराल. अगदी निर्धास्त करा. आरसा आम्ही तपासलेला आहे.