पिठाला हात लावू नये

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे ग्रंथपाल ते विसरले होते असं नाही. सदतीस वर्षं ज्यांनी लोकांच्या मागे लागून पुस्तकं परत मिळवली, त्यांना मुदत उलटलेली एकही गोष्ट विसरता येत नसे. पत्र मार्चमध्ये आलं होतं आणि आता नोव्हेंबरचा दुसरा आठवडा चालू होता.

पत्र दीड पानाचं होतं. ताईनं लिहिलं होतं, "तीस नोव्हेंबरला हे घर सोडून मी मुलाकडे जाते. ते फार लांब आहे, तिथून पुन्हा येणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. त्याआधी आठ दिवस तुझ्याकडे राहावं असं मनात आहे. पण तुझ्याकडे मला खाण्यासारखं काय मिळेल याचीच धास्ती वाटते. सोबत दालचिनीच्या गोड पावाची कृती देते. दूध नाही, लोणी नाही, मळायचंसुद्धा नाही. सकाळी कालवून झाकून ठेवायचं, दुपारनंतर भाजायचं. मधे हात लावायचा नाही. एवढं तुलाही जमेल. जमला की कळव, मी येते."

'हात लावायचा नाही' याच्याखाली दोन रेघा होत्या.

धास्तीला कारण होतं. ताईला दूध मुळीच सोसत नसे. चार वर्षांपूर्वी ती आली असताना ग्रंथपालांनी तिला स्वतःच्या हातानं सूप वाढलं आणि त्यात दूध नाही असं छातीठोकपणे सांगितलं. सुनेनं त्यात चमचाभर साय घातली होती. ताई दोन दिवस अंथरुणावर होती. तेवढ्यावर भागलं असतं; पण ग्रंथपाल तिच्या उशाशी एक वैद्यकाचा जाडजूड ग्रंथ घेऊन बसले आणि इतक्या थोड्या दुधानं काही होत नसतं हे त्यांनी तिला पान क्रमांकासह वाचून दाखवलं. ताईनं पान संपेपर्यंत ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघून गेली.

त्यामुळे या वेळी खोटं लिहायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पाव जमल्याशिवाय 'जमला' कसं लिहायचं? आणि पाव करायला लागणारं धैर्य आठ महिन्यांत गोळा झालं नव्हतं. मधल्या काळात त्यांनी उत्तराचे एकतीस कच्चे खर्डे केले आणि फाइलला लावून पुस्तकांच्या कपाटात ठेवले.

"बाबा, नुसतं 'ये' असं लिहून टाका ना," सून म्हणाली. ती इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती आणि तिला दिरंगाई खपत नसे.

"तिनं पाव जमला का ते विचारलंय."

"मग फोन करा."

"फोनवर तिला ऐकू येत नाही. 'मी बरी आहे' म्हणते आणि ठेवून देते."

सुनेनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "पत्र पोचायला चार दिवस. तिकीट काढून इथं यायला तीन. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पेटीत पडलं तर आठ दिवस मिळतील. सोमवारवर गेलं तर आठाचे सहा होतात, आणि सहा दिवसांसाठी आत्या हाडं खिळखिळी करून घेणार नाहीत. मग कायमच्या गेल्या."

मंगळवारी सकाळी त्यांनी मैदा काढला.

मैदा, साखर, दालचिनीची पूड, यीस्ट, मीठ, थोडं तेल, कोमट पाणी. पाच मिनिटांत सगळं कालवून झालं. 'चिकट दिसेल, घाबरू नकोस,' असं ताईनं लिहिलं होतं. ते चिकट दिसलं आणि ग्रंथपाल घाबरले. पातेल्यावर झाकण ठेवून ते समोर खुर्ची घेऊन बसले आणि एका वहीत नोंदी करू लागले. ११.२० – काही नाही. ११.४० – काही नाही. १२.०० – एक बुडबुडा; कदाचित आधीपासूनच असावा. १२.२० – बुडबुडा दिसत नाही. बुडबुडा कुठे गेला हे पाहायला त्यांनी चमचा घातला. मग दर वीस मिनिटांनी घातला. चार वाजेपर्यंत पीठ इतकं खचलं की त्यात आणि त्यांच्यात फारसा फरक राहिला नाही.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. तो लाकडी सामानाला पॉलिश करायचा. ओव्हनमधून निघालेल्या वस्तूवर त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला.

"बाबा, हे सागवान आहे की शिसम?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. शिसम असेल तर याला चांगला दर येईल."

बुधवारी ग्रंथपालांनी मैद्याच्या डब्याला हात लावला नाही. गुरुवारी मात्र त्यांना उमगलं, की चूक त्यांच्या घरी असण्यात आहे. त्यांनी आठ वाजता पीठ कालवलं, झाकणावर सुबक अक्षरांत 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि ते आपल्या जुन्या ग्रंथालयात जाऊन बसले. दिवसभर त्यांनी एकच पान उघडं ठेवलं होतं. साडेचारला घरी येऊन झाकण उचललं, तर पीठ पातेल्याच्या काठाशी आलेलं, मऊ, तुकतुकीत! त्यांनी ते साच्यात ओतलं आणि ओव्हन तापेपर्यंत ते हात-पाय धुवायला गेले.

पाव निघाला तो असा, की वास जिन्यातून खाली गेला आणि खालची माणसं वर बघायला लागली. सोनेरी, फुगलेला, वर आरशासारखी चकाकी. ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला. मुलगा आणि सून तुकडे तोंडात टाकत होते तेवढ्यात त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'ताई, पाव जमला.'

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या फिजिओबाई आत आल्या. गल्लीतले निम्मे गुडघे त्यांच्या ताब्यात होते.

"काका, झाला का आपला पाव?"

"आपला?"

"म्हणजे काय! सकाळी मी तुमचं इस्त्रीचं टेबल परत ठेवायला आले होते. चावी माझ्याकडे असतेच. बघते तर काय, पातेल्यात बिचारं इतकं सैल पडलेलं. असा पेशंट मी कधी तसाच घरी पाठवला असता का? दिली वीस मिनिटं. तुमच्या खांद्याला देते तीच हालचाल."

"तुम्ही ते मळलंत?"

"मळलं नाही हो, मोकळं केलं."

"चिठ्ठी वाचली नाहीत?"

"वाचली की. पण ती बाकीच्यांसाठी असेल असं वाटलं."

ग्रंथपालांनी पेन खाली ठेवलं. क्षणभर विचार केला आणि पुन्हा उचललं. मळलेला असला तरी पाव पावच होता. त्यात दूध तर नव्हतं. 'दूध अजिबात नाही' असं लिहायला त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांना जाणवलं की सून खायची थांबली आहे.

"बाबा," ती म्हणाली, "मी दुपारी जेवायला आले होते."

"बरं मग?"

"ते पीठ जरा निस्तेज वाटलं मला. अशक्त. म्हणून दोन चमचे…"

"दोन चमचे काय?"

"दुधाची पावडर. तुमची शपथ बाबा, हात आपोआप गेला. आमच्याकडे वजन वाढत नसलं की आम्ही तेच करतो."

मुलगा शांतपणे चौथा तुकडा घेत होता. ग्रंथपालांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी काहीही घातलं नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"आत नाही घातलं."

"आत नाही म्हणजे?"

"तुम्ही हात-पाय धूत होतात. वरचा भाग अगदीच कोरडा दिसत होता. कपात थोडं दूध होतं, ब्रशनं एकच हात मारला. बरं, दोन. बाबा, कोरडा पृष्ठभाग मला बघवत नाही, तुम्हाला माहितीये!"

ग्रंथपाल त्या चकाकीकडे पाहत राहिले. पत्र उद्या गेलं असतं. ताई आली असती. त्यांनी स्वतःच्या हातानं तिला तुकडा दिला असता आणि पुन्हा छातीठोकपणे सांगितलं असतं. या वेळी तर ते लेखी होतं. त्यांनी 'जमला' खोडलं, मग सगळी ओळ खोडली आणि आपल्या खोलीत जाऊन पडले. बाहेर तिघं कुजबुजत होती, आणि कुजबुज थांबे तेव्हा चघळल्याचा आवाज येत होता.

शुक्रवार निराशेत गेला. शनिवारी पहाटे ते उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, सून नंतर सांगायची, ऑपरेशनला निघालेल्या माणसासारखी शांतता होती. त्यांनी नवं पातेलं धुतलं, पुसलं आणि पीठ कालवलं. पण मनात एक किडा वळवळत होता. गुरुवारी पीठ फुगलं ते मळल्यामुळे तर नसेल? दुधाच्या पावडरीमुळे तर नसेल? कुणाचा हात न लागता हे कशाच्या जोरावर वर येणार? म्हणून त्यांनी यीस्ट दुप्पट घातलं. मग दुप्पट म्हणजे नेमकं किती घातलं याची शंका आली, म्हणून आणखी एक चमचा घातलं. पातेलं त्यांनी पुस्तकांच्या काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

सुट्टी असल्यानं सगळी घरीच होती. सगळी कपाटासमोर बसली.

"वाढतंय," दहा वाजता सून म्हणाली.

"लांबून बोल."

"बाबा, काच आहे मधे!"

"तरी."

अकरा वाजता झाकण हललं. साडेअकराला ते तिरपं झालं आणि खाली घरंगळलं. ग्रंथपालांचा ऊर भरून आला. कुणीही हात लावला नव्हता! फिजिओबाई डोकावून म्हणाल्या, "काका, याला आता तरी कुणीतरी आवरा." ग्रंथपाल दोन्ही हात पसरून कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"कुणीही काही करायचं नाही. तिनं दोन रेघा मारल्यात."

ते पाठ लावून उभे असल्यामुळे मागे काय चाललंय हे त्यांना सगळ्यात शेवटी कळलं. पीठ पातेल्यातून उतरून फळीवर आलं होतं. दालचिनीच्या रंगाचा तो ओघ सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा, विश्वकोशाच्या पहिल्या चार खंडांना पोटाशी धरत खालच्या फळीवर गेला आणि एका फाइलवर विसावला.

"बाबा," मुलगा म्हणाला, "त्या फाइलमध्ये काय आहे?"

ग्रंथपाल वळले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी किल्ली काढली. पीठ फटीतून कुलपात शिरलं होतं. किल्ली आत गेली, रुतली आणि तिथेच राहिली.

"काच फोड!"

"काच फोडू? या चौकटीला मी सात हात दिलेत!"

"अरे, माझी पत्रं आहेत आत!"

"बिजागऱ्या काढतो. थांबा. कुणी ढकलू नका."

बिजागऱ्यांना दोन तास लागले, कारण स्क्रूवरही सात हात होते. दार निघालं तेव्हा पीठ, पातेलं आणि फाइल एकत्रच बाहेर आली आणि सतरंजीवर पसरली. सुनेनं एकेक कागद सोडवून पाहिला. एकतीसपैकी एकाही खर्ड्याचं एक वाक्य धड वाचता येत नव्हतं. तेवढ्यात घड्याळात चार वीस झाले.

आता पाव नव्हता. खर्डेही नव्हते. ग्रंथपाल कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. त्यांना रडू येईल असं वाटत होतं, पण सगळ्यांसमोर रडण्याचाही त्यांना संकोच वाटला. म्हणून त्यांनी कागद घेतला.

"लिहा, ओव्हन बिघडलाय," मुलगा म्हणाला.

"नको, 'जमत आलाय' लिहा, बाबा. तेही खरंच आहे."

"काका, 'विश्रांतीवर आहे' लिहा."

ग्रंथपालांनी मान वर केली. "कुणीही," ते म्हणाले, "यात काहीही घालू नका."

इतक्या मोठ्यानं ते या घरात कधी बोलले नव्हते. तिघंही भिंतीला टेकली. आणि त्यांनी लिहिलं:

'ताई, तीनदा केला. पहिला दगड झाला. दुसरा फार सुंदर झाला, पण त्यात दूध होतं. ते कुणी वाईट मनानं घातलं नव्हतं. इथे सगळ्यांचेच हात शिवशिवतात. तिसरा सतरंजीवर आहे. तेव्हा माझ्या घरी तुला खाण्यासारखं काही नाही. तरी तू ये. पाव तू कर, मी नुसता बसून पाहीन. त्या दिवशी मी तुझ्या उशाशी पुस्तक उघडायला नको होतं. हे लिहायलाच आठ महिने लागले, पाव हे निमित्त होतं.'

पुन्हा वाचलं तर ते कधीच जाणार नाही हे ओळखून त्यांनी न वाचताच पाकीट चिकटवलं. डिंकाची गरज पडली नाही. पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि ते घरातल्या चपलांवरच जिना उतरले.

कोपऱ्यावरच्या पेटीशी टपालवाल्या बाई पोतं बांधत होत्या. पाच वाजायला दोन मिनिटं होती.

"थांबा! हे… हे एक."

बाईंनी पोत्याचं तोंड पुन्हा सैल केलं आणि पाकीट धरलं. मग नाक जवळ नेलं. "वास छान येतोय हो, काका."

"एक मिनिट," ग्रंथपाल म्हणाले. त्यांना धडकी भरली होती. "आत तारीख घालायची राहिली. द्या जरा, घरी जाऊन घालून आणतो. आणि एक वाक्यही थोडं…"

"तारखेचं काय एवढं? आमचा शिक्का घालतो की तारीख. आजचीच."

ग्रंथपालांनी स्वतः सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर असेच तारखेचे शिक्के मारले होते.

"काका," बाई म्हणाल्या.

"काय?"

"सोडा आता."

ग्रंथपालांनी खाली पाहिलं. पाकिटाचं दुसरं टोक अजून त्यांच्याच हातात होतं. त्यांनी ते सोडलं.