खरात काकांचं एकत्र कुटुंब

एकत्र कुटुंबपद्धतीवर अख्ख्या जयपुरात सगळ्यात ठाम विश्वास असलेला माणूस आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, एकटा राहतो. खरात काका. मूळचे भुसावळचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. ते घरी बसल्यावर सरकारने गार्डचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. हुकलेली ती मॅनेजरी काका आता गच्चीवर करतात.

गच्चीवर त्यांचं कुटुंब आहे. शर्यतीची कबुतरं. ही कबुतरं लांब नेऊन सोडायची, ज्याचं आधी खुराड्यात शिरेल तो जिंकला. काका आजवर कधी जिंकलेले नाहीत, आणि त्याचं कारण त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे शर्यतवाले जुनी कबुतरं एका खणात ठेवतात आणि यंदाची पिल्लं दुसऱ्या. म्हातारे नर आपली जागा सोडत नाहीत, पोरांना बडवतात, म्हणून मधे जाळी. काकांच्या खुराड्यात जाळी नाही. तत्त्व आहे.

“संस्कार, साहेब, संस्कार!” काका मला बजावतात. “लहानांनी थोरांत राहिलं पाहिजे. जाळीतून संस्कार जात नाहीत.”

हे संस्कार मी जवळून पाहिलेत. वरच्या फळ्यांवर ज्येष्ठ नागरिक बसतात, खालच्या कोपऱ्यात पिल्लं, आणि वडीलधाऱ्यांचा प्रसाद पिल्लांच्या पाठीवर अखंड पडत असतो. दाणे टाकले की आधी ज्येष्ठ जेवतात. मग ते वामकुक्षीला गेल्यावर पिल्लं सालपटं टिपतात.

या कुटुंबाचा प्रमुख म्हणजे मानेवर हिरवी झाक असलेला म्हातारा नर, रेल्वे विभागाच्या सगळ्यात मोठ्या साहेबाच्या हुद्द्यावरून नाव ‘डीआरएम’. त्याला उडून किती काळ लोटला कोण जाणे. खुराड्याच्या दारात छाती फुगवून उभं राहणं, ही त्याची ड्यूटी. काका त्याच्याशी अहो-जाहो करतात.

शहरातले जाणते कबुतरवाले येऊन सांगून गेले, “खरातजी, बच्चों को अलग कर दीजिए.” काकांनी त्यांना चहा पाजला आणि भुसावळच्या आपल्या घरात एका छताखाली किती माणसं नांदत होती ते ऐकवलं. ते लोक पुन्हा आले नाहीत. चहा वाईट नव्हता.

आता काकांच्या पिंजऱ्याबाहेरच्या कुटुंबाविषयी. मुलगा निखिल आणि सून मेघा पूर्वी इथेच राहायची. काकू गेल्या आणि वर्षभरात ती दोघं विद्याधर नगरला गेली. “निखिलला ऑफिस जवळ पडतं,” हे काकांचं अधिकृत निवेदन. निखिलचं ऑफिस सीतापुऱ्याला. आमच्या जगतपुऱ्याहून ते हाकेच्या अंतरावर, आणि विद्याधर नगरहून जायचं तर सगळं शहर ओलांडावं लागतं. पण आम्ही शेजारी भूगोलात पडलो नाही. मेघाच्या प्रत्येक भाजीला काकूंच्या भाजीची आठवण कशी चोळली जायची, ती दवाखान्यातल्या ड्यूटीवरून दमून आली की “आमच्या वेळी” कसं सुरू व्हायचं, हे आमच्या छताने पुष्कळ ऐकलं होतं.

तर या थंडीत पिल्लांची शर्यत झाली. अजमेरच्या पलीकडून कबुतरं सोडली होती. काकांची सगळी भिस्त ‘एक्सप्रेस’ नावाच्या राखी मादीवर. ते सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर उभे होते, आणि प्रेक्षक हवा म्हणून मलाही उभं केलं होतं.

आणि खरोखर, आकाशात ठिपका दिसला. एक्सप्रेस! आसपासच्या कुठल्याही गच्चीवर अजून हालचाल नव्हती. काका डब्यातले दाणे वाजवत ओरडू लागले, “आ, आ, आ!” ती सरळ खाली आली, खुराड्याच्या दारापर्यंत पोचली, आणि दारात डीआरएम.

ती उडून आमच्या पाण्याच्या टाकीवर बसली. पुन्हा आली. पुन्हा टाकीवर.

“डीआरएमसाहेब, बाजूला व्हा!” काका काकुळतीला आले. “अहो, घरचीच आहे ती!”

डीआरएम हलला नाही. शेवटी एक्सप्रेसने दारातून मुसंडी मारली आणि आत पिसांचा नुसता धुरळा उडाला. काकांनी हात घालून तिला बाहेर काढलं तेव्हा तिचा एक डोळा मिटलेला होता आणि पापणीतून रक्त येत होतं. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी जिंकल्याची आरोळी ठोकली. काकांनी तिकडे पाहिलंही नाही.

त्यांनी फोन लावला. “मेघा, डोळ्याची केस आहे. अर्जंट. ये.” आणि ठेवून दिला.

मेघा डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. ती आली ती दवाखान्याच्या कपड्यांतच, डोक्यावर हेल्मेट तसंच. जिने चढून आल्यामुळे तिला नीट बोलताही येईना.

“बाबा! काय झालं? कुठे पडलात?”

“मी कशाला पडू? पेशंट इथे आहे.” काकांनी कबुतराभोवती गुंडाळलेला टॉवेल उघडून दाखवला.

तिने टॉवेलकडे पाहिलं, मग काकांकडे. आता ही टॉवेलसकट दोघांनाही गच्चीवरून खाली टाकणार, असं मला वाटलं, आणि ते समजण्यासारखंही होतं. पण तिने हेल्मेट काढलं, हात धुतले आणि पर्समधून कापूस काढला. काकांनी कबूतर धरलं. ती पुसत गेली.

“डोळा वाचलाय,” ती म्हणाली. “पापणी फाटलीये. पण बाबा, हिला वेगळं ठेवावं लागेल. मतलब, सगळ्याच पिल्लांना.”

मी संस्कारांवरच्या व्याख्यानाची वाट पाहत होतो. ते झालं नाही.

“म्हातारा वाईट नाही गं,” काका म्हणाले. “आपली जागा गेली तर आपलं काय, एवढंच त्याच्या डोक्यात असतं.”

“कुणाबद्दल बोलताय, बाबा?”

“डीआरएमबद्दल.”

ती कापूस गुंडाळत राहिली. काका एक्सप्रेसच्या पाठीवरून बोट फिरवत होते. मग मान वर न करता म्हणाले, “तुम्ही दोघं गेलात ते बरंच केलंत.”

मेघाने पर्समध्ये बराच वेळ काहीतरी शोधलं. “थेंब लिहून देते,” अखेर ती म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ घालायचे. जमेल ना तुम्हाला?”

“छे. मला कुठलं जमतंय? हात थरथरतो माझा.”

काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर खरात काकांनी स्वतः त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते. गालावर एक ओघळ न येऊ देता, आणि दुसऱ्या कुणाला बाटलीला हात लावू न देता. मला हे माहीत होतं, कारण काकू आमच्या घरी येऊन कौतुकाने सांगायच्या. मेघाला तर माहीत होतंच. ती तेव्हा त्याच घरात होती.

तिने काकांच्या हाताकडे पाहिलं. कबुतराखाली तो हात फळीसारखा स्थिर होता.

“बरं,” ती म्हणाली. “मीच येत जाईन.”