नवशिक्याने काय बघावं

“या नाताळात आपल्या फाटकातून माणूस हसत आत येईल. नाही आला, तर मी पुन्हा करवतीला हात लावणार नाही!”

पेटीकाकांनी हे बायकोला जेवताना सांगितलं, तेही तोंडात घास असताना. म्हणजे किती छातीठोकपणे, ते बघा!

काका शवपेट्या बनवायचे. खाली दुकान, वर घर आणि दोघांना मिळून फाटक एकच. त्या फाटकातून जो कोणी यायचा तो रुमाल डोळ्यांना लावूनच. गल्लीतली मुलं फाटक आलं की धूम पळायची. मोठी माणसं पळायची नाहीत, फक्त भरभर चालायची. पाहुण्यांसाठी म्हणून काकूंनी लग्नानंतर हौसेने कप आणले होते. ते अजून कपाटात होते, कागदात गुंडाळलेले.

त्यात काकांची एक खोड. समोर माणूस आला की त्यांची नजर आपोआप डोक्यापासून पायांपर्यंत जायची आणि मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मागे काकूंची एक मैत्रीण आली होती. काकांनी तिला असं एकदाच न्याहाळलं. बाई जी उठली, ती पर्सही विसरून गेली!

“यंदाही कोणी आलं नाही,” काकू म्हणाल्या होत्या, “तर मी थोरल्या लेकीकडे राहायला जाणार. कायमची.”

गळा काढून म्हणाल्या असत्या तर काकांनी मनावर घेतलं नसतं. रडणं त्यांच्या रोजच्या कामातलं. पण काकू अगदी शांतपणे बोलल्या, आणि बोलता बोलता त्यांनी काकांच्या ताटात भाजी वाढली. काकांनी धसका घेतला तो त्या भाजीचा.

दिवे कोणते घ्यावेत?

ही कल्पना मेहुण्याची. काकूंचा हा धाकटा भाऊ कशालाही “सोपं आहे” म्हणणारा. छत गळतंय? सोपं आहे. नोकरी गेली? सोपं आहे.

“संगणकावर चालणारे दिवे लावू, भाऊजी! गाणं लागलं की दिवे नाचतात. लांबून लांबून माणसं बघायला येतात. सोपं आहे!”

दिव्यांच्या दुकानातली मुलगी हसतमुख होती. काकांची नजर तिच्या डोक्यापासून निघाली तेवढ्यात मेहुण्याने त्यांच्या पायावर पाय दिला.

“नवशिके आहात का?” तिने विचारलं.

“अगं, मी या धंद्यात म्हातारा झालो.”

“दिव्यांच्या?”

“नाही.”

मेहुण्याने दुसऱ्याही पायावर पाय दिला.

मुलीने समजावून सांगितलं. नवे लोक तीन गोष्टी बघतात. एक, चॅनेल किती; म्हणजे दिव्यांचे किती गट वेगवेगळे लावता-विझवता येतात. दोन, प्रोग्रॅम सोपा आहे का. आणि तीन, पुढे दिवे चालवणारा दुसरा डबा जोडून वाढवता येतं का. “तुम्हाला यातलं काय महत्त्वाचं वाटतं, काका?”

काकांनी विचार केला. गिऱ्हाईक त्यांना जे विचारायचं, तेच त्यांनी विचारलं.

“आवाज करतं का?”

“अजिबात नाही.”

“ओल्या मातीत टिकतं?”

“टिकतं. मातीत कशाला पण?”

“आणि विझताना हळूहळू विझतं ना?”

“हो! तशी खास सोय आहे!”

“मग हेच द्या. झटकन विझलेलं घरच्यांना सोसत नाही.”

मुलीने दोन डबे बांधून दिले, एक आत्ताचा आणि एक वाढवायला. तिचं हसू मात्र तेवढ्यात कुठेतरी गेलं होतं.

आकार विकत घ्यावेत की घरी करावेत?

घरी! दुकानात लोखंडी सळ्यांच्या चांदण्या आणि झाडं तयार मिळत होती. काकांनी त्यांना बोटानेसुद्धा शिवलं नाही. “लाकडाचं काम माझ्या घरात आणि सळ्या दुसऱ्याच्या? छे!”

त्यांनी देवदूत करायचं ठरवलं. माणसाएवढे आठ देवदूत, घराच्या दारापासून फाटकापर्यंत ओळीने उभे. अंगाची चौकट, तिला पांढरे पंख, डोक्यावर वलय. काकांनी चित्र काढलं नाही, माप घेतलं नाही. हाताला सवय होती. डोक्याकडे अरुंद, खांद्यांत रुंद, मग पायांकडे निमुळतं. हात आपोआप चालत होता आणि काका शीळ घालत होते. काकूंनी त्यांची शीळ पहिल्यांदाच ऐकली. त्यांनी एक कप कागदातून काढून धुवून ठेवला.

दिवसा उजेडात ते देवदूत खरंच देवदूत वाटायचे. पंख होते ना!

अडचण आली तर मदत कोण करणार?

मेहुणा.

आधी चाचणी घ्यावी का?

घेतली की! भर दुपारी. पहिल्या डब्यावर आठ अंगं, दुसऱ्या डब्यावर पंख आणि वलयं. पहिला डबा लावला, चालला.

“दुसरा?” काकांनी विचारलं.

“पहिला चालला म्हणजे दुसरा चालणारच. सोपं आहे!”

दुसऱ्या डब्याला स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर संगणक त्याला ओळखत नाही. हे दुकानातल्या मुलीने सांगितलं होतं. पण तेव्हा मेहुणा काकांच्या पायावर पाय देण्यात गुंतला होता.

संगणक कोणता लागतो?

कोणताही चालतो. घरात एकच होता, दुकानातला. गिऱ्हाइकं पेटी निवडत असताना त्यावर एक संथ, खोल, रडवेली धून लावायची पद्धत होती. मेहुण्याने नाचरी गाणी पेनड्राइव्हवर आणली होती. आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो पेनड्राइव्ह कोणी काढून खिशात टाकला, हे मी सांगायला हवं का?

यापुढचे प्रश्न कोणीच विचारत नाही. पण खरी वेळ तिथेच येते.

काकूंनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, त्यामुळे अंधार पडताच फाटकाबाहेर सगळी गल्ली जमली. मुलं बापांच्या खांद्यांवर. कोपऱ्यावरच्या घरातले निवृत्त हेडमास्तरही काठी टेकत आले होते. बायको गेल्यापासून त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं. तिची पेटी काकांनीच केली होती.

काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. “अहो, आज कोणाला वरपासून खालपर्यंत बघायचं नाही हं!”

“नाही बघत.”

“शपथ?”

“शपथ! लाव रे!”

मेहुण्याने कळ दाबली.

आधी ती धून सुरू झाली. संथ. खोल. फाटकाबाहेरचा एक माणूस सवयीने टोपी काढून उभा राहिला. मग दाराजवळ, हळूहळू, अगदी दुकानात सांगितलं होतं तसा, एक आकार उजळला. डोक्याकडे अरुंद, खांद्यांत रुंद, पायांकडे निमुळता. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. पंख नाहीत, वलय नाही. काळ्याभोर अंधारात सोनेरी दिव्यांच्या आठ शवपेट्या ओळीने उभ्या!

गल्लीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पडलं मात्र एक मूल, बापाच्या खांद्यावरून. बापाने ते वरच्या वर झेललं आणि तसाच घरी पळाला.

“अरे, बंद कर!” काका ओरडले.

“एक मिनिट, भाऊजी! सोपं आहे!” मेहुण्याने घाईत भलतंच बटण दाबलं. ते वेगाचं होतं.

धून दुप्पट वेगाने वाजू लागली, जणू मयताची बस चुकत होती! आणि पेट्या? पहिली लागली, विझली, दुसरी लागली, विझली, तिसरी, चौथी. बघणाऱ्याला वाटावं, पेट्या एकामागून एक टुणटुण उड्या मारत फाटकाकडे येताहेत! आठवी फाटकाला टेकली, की पहिली पुन्हा घरातून निघायची.

“आल्या! आल्या!” कोणीतरी किंचाळलं.

बघता बघता गल्ली रिकामी. दारं लागली, कड्या लागल्या, पडदे ओढले गेले.

काकू पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. “माझी बॅग माळ्यावर आहे,” एवढंच म्हणाल्या. “काढून द्याल?”

आयुष्यभर काकांनी लोकांना दोन शब्द धीराचे सांगितले होते. घरासाठी त्यातला एकही उरला नव्हता. ते माळ्याकडे जायला वळले.

तेवढ्यात फाटक करकरलं.

हेडमास्तर! एका हाताने काठी आणि दुसऱ्याने पोट धरून ते आत येत होते. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकू सवयीने रुमाल द्यायला उठल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं. म्हातारा हसत होता! खो खो हसत होता!

“काकू… त्या उड्या… अहो, त्या उड्या मारतायत हो!”

धुतलेला कप बाहेर आला. काकूंनी तो इतका काठोकाठ भरला की निम्मा चहा बशीत गेला. हेडमास्तर तोही प्यायले, पुन्हा हसले, खोकले, बराच वेळ खोकले. मग त्यांनी काठीने बाहेर खूण केली.

“दारापासून तिसरी. ती मला पाहिजे.”

“चेष्टा करू नका, सर.”

“पावसाळ्यातच डॉक्टरांनी सांगितलं. फार तर पुढचा उन्हाळा.” ते अगदी हजेरी घेतल्यासारखं म्हणाले. “गेले काही महिने तुमच्या फाटकापर्यंत येतो आणि मागे फिरतो. धीर होत नव्हता. आज झाला. दिव्यांसकट द्या. मी या बाबतीत नवशिका आहे, तेव्हा सांगा. आवाज करत नाहीत ना?”

“नाही,” काका म्हणाले.

“ओल्या मातीत टिकतात?”

“टिकतात.”

“आणि विझताना?”

“हळूहळू, सर. अगदी हळूहळू.”

“हमी वगैरे?”

“पाच वर्षं.”

“बाप रे! मला कशाला एवढी? मला पोचवलंत की दिवे काढून आणा आणि इथेच लावा. पोरं आज घाबरली, पुढच्या वर्षी हसतील. मला उशीर लागला, त्यांना लागणार नाही.” ते उठले. “माप घ्यायचंय?”

काकांनी काकूंकडे चोरून बघितलं. “नको. ते… तुम्ही आत येतानाच…”

“अहो! शपथ घातली होती ना!” काकू ओरडल्या.

हेडमास्तर हसत हसत फाटकाबाहेर पडले. त्या फाटकाला सवय होती रडत येणाऱ्यांची. आज पाहुणा हसत आला, हसत गेला, आणि आत नवरा-बायको एकाच पदराला डोळे पुसत उभे! बॅग माळ्यावरच राहिली. ती आठवायला कोणी शुद्धीवर होतंच कुठे?

“सापडलं, भाऊजी!” मेहुणा आतून गरजला. “दुसऱ्या डब्याला क्रमांक द्यायचा राहिला होता! म्हटलं ना, सोपं आहे!”

आणि रिकाम्या गल्लीत आठही पेट्यांना लखकन पंख फुटले. डोक्यांवर वलयं उजळली. आता ते देवदूत होते, हुबेहूब देवदूत! बघायला मात्र गल्लीत एकच माणूस उरला होता. तो कोपऱ्यावर थांबला, वळला आणि वर्गात ओरडावं तसा काठी उगारून ओरडला,

“ए! माझ्या पेटीचे पंख काढा आधी! आवडली तेव्हा नव्हते!”

काकांनी निमूटपणे पक्कड घेतली. शेवटी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.