पगारे सिस्टर आणि एकावर एक प्लेट

पगारे सिस्टर हॉटेलातल्या पदार्थाला पदार्थ म्हणत नाहीत, पेशंट म्हणतात. प्लेट आली की आधी चष्मा पुसतात, काट्याने कबाब उलटापालटा करतात आणि निदान सांगतात. पनीर मऊ पडलं असेल तर "अशक्तपणा." मशरूम खारट असलं तर "याला सलाईन कुणी लावलं?" आणि कबाब गार असला तर वेटरकडे न बघताच, "हा वाटेतच गेलाय. नातेवाइकांना कळवा."

सिस्टर सरकारी दवाखान्यातून मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. माझ्या वरच्याच मजल्यावर एकट्या राहतात. मी गणिताच्या शिकवण्या घेतो, पण संध्याकाळी उशिरा, त्यामुळे माझी दुपार मोकळी असते हे त्यांनी हेरलेलं. दर गुरुवारी माझी बेल वाजते.

"चला मास्तर, ड्युटी."

ड्युटी म्हणजे गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलातले हॅपी अवर्स. गर्दी व्हायच्या आत दारू स्वस्त आणि छोट्या प्लेटा एकावर एक फुकट. आजूबाजूला कॉलेजची पोरं वाइनचे ग्लास उंचावून फोटो काढत असतात आणि मधोमध कडक इस्त्रीच्या साडीत सिस्टर, पुढ्यात लिंबू सोडा. मला का नेता, असं मी एकदा विचारलं. "दुसरी प्लेट वाया जाते," त्या म्हणाल्या.

सगळं हॉटेल त्यांना वचकून असे. शेजारच्या टेबलावरच्या एका तरुणाला त्यांनी सरळ सांगितलं होतं, "पुरे आता. पाणी पी." तो निमूट प्यायला. वर "थँक यू मॅम" म्हणाला.

एका गुरुवारी नवीन पदार्थ आला. बोटभर वाटीत चमचाभर मटकी, वर शेवेच्या चार काड्या आणि कोथिंबिरीचं एक पान. नाव मिसळ शॉट. नाशिककरासमोर हे असं ठेवणं म्हणजे धाडसच. सिस्टरांनी वाटी उचलून उजेडात धरली.

"अपुऱ्या दिवसांची दिसते. हिला काचेच्या पेटीत ठेवा."

तीन टेबलं हसली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सिस्टर खुशीत सोडा पीत होत्या, तेवढ्यात हॉटेलचा तरुण मालक हात जोडत आला.

"मॅडम, तुमचं दर वेळी बरोबरच असतं. मी त्या कुकला सांगितलं, उद्यापासून येऊ नको."

सिस्टरांनी ग्लास खाली ठेवला. "कुणाला?"

"देवरामला. पेठ तालुक्यातला आहे. लोक हसतात हो मॅडम, धंद्याचं नाव जातं."

सिस्टर उठल्या आणि थेट भटारखान्यात शिरल्या. मागे मालक, त्याच्या मागे मी. आत पन्नाशीचा एक माणूस अंगातला ॲप्रन काढून घडी घालत होता.

"देवराम तुम्हीच?"

"हो बाई."

"ती मिसळ कुणाच्या डोक्यातून निघाली?"

देवरामने मालकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आमच्याकडं इतकुशी मिसळ कोण देतं, बाई? सांगितली तशी केली."

मालक छताकडे बघू लागला. सिस्टर त्याच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता याची खैर नाही. पण त्यांचा आवाज एकदम उतरला.

"हे बघ बाळा, यांच्या हाताला चव आहे. नसती तर मी दर आठवड्याला आले असते का? एक कबाब कधी परत पाठवलाय मी?"

"मग तुम्ही दर वेळी..."

"बोलते. वॉर्डात दिवसभर बोलायचे, चाळीस माणसं ऐकायची. आता घरी बोलले तर भिंती ऐकतात. इथे मी काही म्हटलं की निदान कुणीतरी 'हो मॅडम' म्हणतं." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या जिभेपायी यांची नोकरी नको घालवू रे."

देवरामची नोकरी राहिली. मिसळ शॉट मात्र बंद झाला.

पुढच्या गुरुवारी बेल वाजली नाही. मीच वर जाऊन त्यांना ओढून नेलं. सिस्टरांनी अख्खा कबाब मुकाट्याने खाल्ला आणि "छान आहे" म्हणाल्या. वेटर घाबरून आत पळाला. हात पुसत देवराम बाहेर आला.

"बाई, काही बिघडलं का? लय गप हायेत तुम्ही."

"काही नाही. छान झालाय."

देवराम घुटमळला. भट्टीवर अजून घाई नव्हती. त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्या कडेला टेकला.

"मंग दुसरं काही बोला," तो म्हणाला. "मी हाय थोडा वेळ."

सिस्टरांनी टेबलक्लॉथची एक चुणी सारखी केली. मग त्यांनी फुकटची दुसरी प्लेट माझ्यासमोरून उचलली, त्याच्यापुढे ठेवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"